बंद पाकिटांची पिशवी

पाटी लावल्याच्या तिसऱ्या दिवशी वाण्याने आमची उधारी बंद केली.

पाटीवरचा मजकूर असा होता : ‘कर्जमुक्ती सल्ला. मोफत. गुप्त. वेळ सकाळी दहा ते बारा.’ यात एक शब्द खोटा नव्हता आणि एक शब्द जास्तीचा नव्हता. वजनमापे खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाच्या हातून जास्तीचा शब्द जात नाही. पण पाटी आमच्या दारावर होती, आणि जिन्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तिचा सरळ अर्थ असा लावला की कर्ज या दाराच्या आत आहे.

“साहेब, गैरसमज नको,” वाणी म्हणाला, “पण या महिन्यापासून सामान रोखीनं नेलंत तर बरं पडेल.”

“का?”

“दिवस वाईट आहेत.”

“कोणाचे?”

तो तराजूकडे बघत राहिला. हाच तराजू मी दर वर्षी तपासायला जात असे आणि मी वजनं उचलायला लागलो की या माणसाच्या कपाळावर घाम येत असे. त्या दिवशी घाम मला आला.

महिन्याचं खातं म्हणजे कर्ज नव्हे, ती एक सोय असते, असं मी जन्मभर मानत आलो होतो. मी ज्या अभ्यासक्रमाला जात होतो त्याच्या पुस्तकात पान सातवर ते कर्जच असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. पण हे मी घरात बोललो नाही.

“गुप्त आहे, तर पाटी कशाला?” बायकोने विचारलं.

“लोकांना कळायला.”

“मग गुप्त काय राहिलं?”

अभ्यासक्रमाचं नाव ‘प्रमाणित ऋणमुक्ती समुपदेशक’. बारा शनिवार, दुपारी दोन ते पाच. फी एकदम भरली तर एक रक्कम, हप्त्यांत भरली तर पाच टक्के जादा. एकदम भरणारा मी एकटाच निघालो. कर्जमुक्तीच्या वर्गाबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

मी याच्या वाटेला गेलो, कारण निवृत्त माणसाने काहीतरी करावं, असं इमारतीत सगळ्यांचं मत होतं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी बागकाम सुचवलं. मी म्हटलं, बाग नाही. ते म्हणाले, “तेच तर सांगतोय. बाग नाही म्हणजे काम नाही, आणि कोणी विचारलं तर बागकाम.” समुपदेशनाचं ऐकल्यावर मात्र त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. “लोकांची वजनं तपासलीत तोपर्यंत ठीक होतं. आता खिसे तपासणार? अहो, कर्जबाजारी माणूस आणि सासरी नांदणारी मुलगी, दोघांना सल्ला देऊ नये. दोघं आपल्या घरच्यांचीच बाजू घेतात आणि मार मधल्याला बसतो.”

वर्ग एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर भरत असे. चक्रवाढ व्याजाचा धडा सुरू झाला की खालून दात कोरायचं यंत्र सुरू होई. शिकवणाऱ्या बाई पूर्वी एका बँकेत वसुली अधिकारी होत्या. बावीस वर्षं त्यांनी लोकांना घाबरवलं होतं. आता त्याच लोकांना धीर कसा द्यावा हे त्या त्याच आवाजात शिकवत.

पहिल्या शनिवारी त्यांनी प्रत्येकाला पात्रता विचारली. मी माझी सांगितली.

निवृत्तीनंतर माझं पेन्शन चौदा महिने अडकलं होतं. सेवापुस्तकात मी दोन तारखेला रुजू झालो असं लिहिलेलं होतं. मी एक तारखेला रुजू झालो होतो. कार्यालयातला कारकून म्हणाला, “साहेब, एका दिवसानं काय होतंय? ‘मान्य’ म्हणून सही करा, पुढच्या महिन्यापासून पैसे चालू.” मी सही केली नाही. पाच ग्रॅमच्या तुटीसाठी ज्याने लोकांची दुकानं बंद केली, त्याने स्वतःचा अख्खा दिवस सोडायचा? नऊ अर्ज, सतरा स्मरणपत्रं. चौदाव्या महिन्यात खात्याने एक तारीख मान्य केली. या काळात घरात एक पैसा आला नाही. तरी मी कोणापुढे हात पसरला नाही आणि मुदत ठेवीला हात लावला नाही. बचत खात्यातले थोडे थोडे काढून बायकोच्या हातात देत होतो. तेवढ्यात घर नेहमीसारखं चाललं. चहातली साखरसुद्धा कमी झाली नाही.

बाई खूश झाल्या. “हे सगळ्या वर्गाला सांगा,” म्हणाल्या. मी उभं राहून पुन्हा सांगितलं. मागच्या बाकावर एक निवृत्त कवायत मास्तर होते. ते म्हणाले, “पुढच्या खेपेला मिसेसनाच पाठवा शिकवायला.” सगळे हसले. मीही हसलो.

चौथ्या शनिवारी प्रत्येकाने स्वतःच्या घराचा तक्ता भरायचा होता. एका बाजूला देणे, दुसऱ्या बाजूला येणे, खाली बेरीज. वर्गात एक तरुण मुलगी होती, नेहमी पहिल्या बाकावर. तिने बेरीज केली, आकड्याकडे बघितलं, “आलेच हं,” म्हणून बाहेर गेली, ती आलीच नाही. तिची छत्री उरलेले आठही शनिवार खिडकीला टांगलेली होती.

माझ्या तक्त्यात देण्याच्या बाजूला मी ‘निरंक’ लिहिलं. खाली जोडीदाराची सही लागत होती. बायकोने कागद हातात घेऊन बराच वेळ वाचला. त्यावर वाचण्यासारखा एकच शब्द होता.

“सही करायलाच हवी?”

“नियम आहे.”

“हे ‘निरंक’ तुम्ही लिहिलंत?”

“मग काय वाणी येऊन लिहिणार?”

तिने सही केली. पेन नीट चालत नाही म्हणाली. पेन उत्तम चालत होतं, मी नंतर तपासलं.

प्रमाणपत्रासाठी प्रत्येकाला एक खरं प्रकरण पूर्ण करायचं होतं. नात्यातला नसलेला एक ऋणको, म्हणजे कर्ज घेतलेला माणूस. त्याच्या सगळ्या देण्यांची यादी. त्याची आणि त्याच्या जोडीदाराची सही. आणि सगळ्या धनकोंना, म्हणजे पैसे देऊन बसलेल्यांना, तीन महिन्यांची सवलत मागणारी पत्रं. पाटी त्यासाठी होती.

तीन आठवडे कोणी आलं नाही. म्हणजे आले, पण प्रत्येक जण एका मित्रासाठी आला. सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन गाड्यांचे हप्ते न पेलणारा मित्र होता; त्यातली एक गाडी सेक्रेटरींच्याच जागेत उभी असे. काकांनासुद्धा एक मित्र होता. मी सगळ्यांना सांगितलं, मित्राला पाठवा. मित्र काही आले नाहीत. दूधवाला मात्र पाटी बघून पिशवी दारात ठेवायच्या ऐवजी खालच्या पायरीवर ठेवायला लागला. पुढच्या आठवड्यात आमच्या दाराशी थांबणारा माणूस कर्जबाजारी समजला जातो असं ठरलं, आणि आमच्याकडे येणंजाणं बंद झालं. बायको म्हणाली, “तीस वर्षं लोक तुम्हाला बघून दुकान बंद करायचे. आता दार बंद करतात. मी मात्र तेव्हाही इथेच होते.”

मग एका सकाळी घड्याळजी आले.

घड्याळजी तळमजल्यावर मागच्या बाजूला राहत. दोन खोल्या. पुढच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडे, तिथे काचेमागे बसून ते घड्याळं दुरुस्त करत. मागच्या खोलीत त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. माझी बायको रोज दुपारी तासभर तिच्यापाशी बसायला जात असे. खात्याने निरोप देताना मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते आठवड्याला चार मिनिटं मागे पडे. वजनमापे खात्याने दिलेलं घड्याळ! ते सतत घड्याळजींकडे असायचं.

“घड्याळ आणलंय,” ते म्हणाले. आणलं होतं खरंच. पण काखेत एक कापडी पिशवीही होती. घड्याळ भिंतीवर लागलं, चहा झाला, तरी ते उठेनात. शेवटी त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि ती माझ्याकडे न सरकवता तिच्यावर हात ठेवून बसले.

पिशवीत एकसष्ट पाकिटं होती. एकही उघडलेलं नव्हतं. तीन वर्षांची होती आणि आकाराप्रमाणे लावलेली होती, लहान पुढे, मोठी मागे, जशी त्यांच्या खणात चाकं असतात.

“उघडली का नाहीत?”

“उघडलं की लागू होतं, साहेब.”

पान अकरा : पाकिटं ऋणकोने स्वतःच्या हाताने उघडावीत. घड्याळजींनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, चिमटा काढला, बारीक पातं काढलं आणि पहिल्या पाकिटाचा डिंक असा सोडवला की ते पुन्हा चिकटवता आलं असतं. एका पाकिटाला पाच-सात मिनिटं. अकराव्या पाकिटापाशी त्यांनी पाणी मागितलं. चार सकाळी लागल्या. मी तारखा आणि आकडे लिहून घेत गेलो, आणि खरं सांगायचं तर मला इतका आनंद निवृत्तीनंतर झाला नव्हता. एकेचाळिसाव्या पाकिटात पतपेढीचा जप्तीचा हुकूम निघाला, दोन्ही खोल्यांवर, वर्षापूर्वीच्या तारखेचा. आठ धनको होते. पतपेढीचं मूळ कर्ज एक लाख अठ्ठेचाळीस हजार. इस्पितळ, औषधाचं दुकान, पॉलिशच्या यंत्राचे हप्ते आणि बाकी किरकोळ.

“पतपेढीवाले वर्षभर आले कसे नाहीत?” मी विचारलं.

“विसरले असतील.”

“पतपेढी विसरत नाही.”

“तिथला साहेब माझ्याकडून घड्याळ दुरुस्त करून घेतो. तो म्हणतो, हप्ता जमला की भरा, वरून कोणी विचारलं तर बघू.” मग त्यांनी भिंग काढून रुमालाने पुसलं. “साहेब, खोल्या राहिल्या पाहिजेत. ती हलवण्यासारखी नाही. आणि तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतंय पतपेढीचं केव्हाच फिटलं.”

“पण त्यांची सही लागेल.”

“दुसरं काहीतरी सांगून घेतो ना. विजेच्या मीटरचा कागद म्हणून.”

खोटं सांगून घेतलेली सही माझ्या कागदावर चालणार नव्हती. मी स्वतः मागच्या खोलीत गेलो, खुर्ची ओढून बसलो आणि यादी वाचून दाखवली. त्यांना जरा कमी ऐकू येत असे, म्हणून मोठ्याने वाचली. बेरीज दोनदा वाचली. त्या छताकडे बघत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “एवढा खर्च झाला होय माझ्यावर?” मग सही केली. त्यांचं अक्षर सुरेख होतं. घड्याळजी खिडकीत पाठ करून बसले होते. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि समुपदेशनात असं होतं, पान तेरा, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं. मग मी पावत्या जुळवायला बसलो.

पतपेढीकडून उचलले एक लाख अठ्ठेचाळीस. त्यातल्या एक लाखाच्या इस्पितळाच्या पावत्या होत्या. अठ्ठेचाळीस हजार कुठे गेले त्याचा कागद नव्हता. एका पारड्यात अठ्ठेचाळीस हजार कमी होते, आणि मी ज्या खात्यात तीस वर्षं काढली तिथे अशा वेळी पंचनामा करतात.

“जुगार?”

“नाही.”

“दारू?”

“साहेब, हात थरथरला तर केसाएवढी स्प्रिंग धरू कशी?”

“मग?”

“दिले एकाला. अडचण होती त्यांची.”

“म्हणजे येणं आहे! अहो, मग ते लिहा. तक्त्यात येण्याचा रकाना कशाला ठेवलाय? ते तुमच्या बाजूचं वजन आहे. नाव सांगा.”

“नाव नाही घेणार.”

“का?”

“शब्द दिलाय.”

मी त्यांना तीन वेळा वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. तिसऱ्या वेळी आवाज जरा चढला असेल. घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होतं, त्यामुळे त्यांचा तो डोळा फार मोठा दिसत होता. त्या डोळ्याने माझ्याकडे बघत ते म्हणाले, “तेवढा रकाना मोकळा सोडा, साहेब. तुमच्या पाया पडतो.”

मोकळा रकाना! घरी येऊन मी बायकोला सांगितलं की या माणसाचं काहीतरी काळंबेरं आहे.

“जाऊ द्या ना,” ती म्हणाली. “त्या अठ्ठेचाळीस हजारांवाचून काय अडलंय?”

“आकडा तुला कसा माहीत? मी सांगितलेला नाही.”

“झोपेत बडबडता तुम्ही.”

मी झोपेत आकडे बोलतो, हे खरं आहे. मी विषय सोडला.

आता पान एकोणतीस. पान एकोणतीसवर पत्रांचा नमुना आहे आणि त्याखाली ठळक अक्षरांत सूचना आहे : प्रत्येक धनकोला फक्त त्याच्यापुरता हिशेब कळवावा, इतरांची नावं व रकमा कळवू नयेत. ही सूचना मी वाचली नव्हती असं कोणी म्हणू नये. मी ती वाचली होती आणि तिच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘अपुरी माहिती म्हणजे खोटी माहिती.’ समोरच्याकडे सवलत मागायची आणि त्याला अर्धा तराजू दाखवायचा, हे मला जमणारं नव्हतं. मी आठही पत्रांना आठही धनकोंची पूर्ण यादी जोडली. शेवटी एक शेरा लिहिला : ‘पतपेढीच्या कर्जापैकी रु. ४८,००० च्या विनियोगाबाबत ऋणकोने समाधानकारक खुलासा केलेला नाही.’ खाली माझी सही, माझा पत्ता आणि ‘प्रशिक्षणार्थी समुपदेशक’.

“मला दाखवा तरी काय लिहिलंय,” बायको म्हणाली. ती सहसा माझ्या कागदांत लक्ष घालत नाही.

“गुप्त आहे.”

पोस्टात रजिस्टरच्या पावत्यांचं पुस्तक संपत आलं होतं. खिडकीतली बाई म्हणाली, “एका माणसाला पाचच.” मी पाच पत्रं दिली, रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिलो आणि पाऊण तासाने खिडकीशी आलो.

“तुम्ही मघाशी येऊन गेलात ना?”

“हो. आता परत आलोय.”

“तीच माणसं परत परत येतात म्हणून तर पुस्तक संपतं,” ती म्हणाली, पण तिने पावत्या फाडल्या. सगळी पत्रं एकाच दिवशी गेली पाहिजेत, हेसुद्धा पान एकोणतीसवर होतं, आणि ते मी तंतोतंत पाळलं.

तोवर प्रत्येक धनकोला वाटत होतं की घड्याळजींचा धनको आपण एकटेच. सज्जन माणूस आहे, बायको आजारी आहे, देईल कधीतरी. आता प्रत्येकाला कळलं की रांग आहे आणि रांगेत आठ जण आहेत. तिसऱ्या दिवशी यंत्रवाले यंत्र घेऊन गेले. चौथ्या दिवशी औषधाच्या दुकानाने औषध रोखीवर केलं. सहाव्या दिवशी पतपेढीची दोन माणसं आली. त्यांच्याबरोबर खळीचा डबा आणि ब्रश होता. त्यांनी घड्याळजींच्या दारावर नोटीस चिकटवली, पंधरा दिवसांत खोल्या मोकळ्या कराव्यात म्हणून. नोटीस जराशी तिरपी लागली. माझ्या मनात ती सरळ करायचं आलं, हे मी इथे नमूद करतो, कारण काहीही गाळायचं नाही असं ठरवलं आहे.

बायको खाली त्यांच्या दाराशी उभी राहून नोटीस वाचत होती. नोटिशीला माझं पत्र जोडलेलं होतं. तिने ते शेऱ्यापर्यंत वाचलं. मग वर आली, मला आत बोलावलं आणि दार लावलं.

“समाधानकारक खुलासा मी करते,” ती म्हणाली. “ते पैसे आपल्या घरात आले.”

माझा हात सवयीने वहीकडे गेला.

“तुमच्या एका दिवसाच्या भांडणाला चौदा महिने लागले. तुम्ही हातावर ठेवत होतात त्यात पंधरा दिवस निघायचे. मी तुम्हाला सांगितलं असतं की पुरत नाही, तर तुम्ही वही घेऊन बसला असतात आणि मला साखर मोजून दाखवली असती. त्यांची बायको तेव्हा इस्पितळात होती, मी जवळ बसायचे. तिनं मला एकदा रडताना बघितलं. घड्याळजी पतपेढीत तिच्यासाठी एक लाख मागायला निघाले होते, ते अठ्ठेचाळीस हजार जास्त मागून आले. म्हणाले, वहिनी, साहेबांना कळू देऊ नका, ताठ माणूस आहे, मोडेल. अकरा हजार मी फेडलेत तीन वर्षांत, भाजीतून वाचवून. सदतीस राहिलेत.”

“मला सांगायचं होतंस.”

“कधी? वर्गात उभं राहून सांगून आलात ना, चहातली साखर कमी झाली नाही म्हणून? ती साखर त्यांची होती.”

तिने मला माझ्या तक्त्याची आठवण करून दिली नाही. तो मला आपोआप आठवला. निरंक.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली. मुदतीआधी मोडली तर एक टक्का कापतात. बँकेतली मुलगी म्हणाली, “काका, तीन महिने थांबलात तर पूर्ण व्याज मिळेल.” तिला मी थांबण्याबद्दल काही सांगू शकलो असतो. कागदपत्रांना चार दिवस लागले. सदतीस हजार आणि वर आणखी काही घेऊन मी पतपेढीच्या खिडकीशी उभा राहिलो.

आतल्या साहेबाच्या मनगटावर जुनं, सुरेख चालणारं घड्याळ होतं. त्याने फाईल काढली. “सहा दिवसांपूर्वी आणले असतेत तर थकलेले हप्ते भरून निघाले असते. आता प्रकरण मुख्य कचेरीत गेलं. माझ्या हातात काही राहिलं नाही. आता सगळी रक्कम एकदम लागेल.”

“वर्षभर तुमच्या हातात होतं.”

“वर्षभर मी ते खाली दाबून बसलो होतो.” तो हळू आवाजात बोलत होता. “पण तुमची यादी थेट मुख्य कचेरीच्या पत्त्यावर गेली. तुम्हीच पाठवलीत ना? फार व्यवस्थित लिहिलंय. आमच्या वकिलाला काही करावंच लागलं नाही. त्याने तुमचं पत्र जसंच्या तसं जोडलं.” मग त्याने शेऱ्यावर बोट ठेवलं. “हे वाचून वरचे म्हणाले, माणूस पैसे लपवतोय. नाहीतर अजून सहा महिने तरी निघाले असते.”

सगळी रक्कम दोन लाखांच्या पुढे गेली होती. ठेवीतले सगळे घातले तरी पाऊण लाख कमी पडत होते. मी काकांकडे गेलो. काका म्हणाले, “माझा तो मित्र आहे ना, त्याचंच अजून फिटलेलं नाही.” सेक्रेटरी घरी नव्हते, म्हणजे त्यांच्या बायकोने दार न उघडता तसं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा मी लोकांपुढे हात पसरत होतो, आणि मागे दारावर पाटी होती : कर्जमुक्ती सल्ला.

पंधराव्या दिवशी घड्याळजींनी खोल्या मोकळ्या केल्या. बायकोला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. मी एका बाजूने खुर्ची धरली. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सांभाळून हं, तुमची पाठ दुखते ना?” दुसऱ्या गावी त्यांचा भाऊ होता, तिकडे ते निघाले. मी सदतीस हजार पाकिटात घालून घड्याळजींच्या हातात ठेवायला गेलो. त्यांनी हात मागे घेतले.

“तक्त्यात नाही ते,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गाडी गेल्यावर दारात एक पुडकं दिसलं. आत आमचं भिंतीवरचं घड्याळ होतं. आठवड्यापूर्वी बायको ते दुरुस्तीला देऊन आली होती. सोबत चिठ्ठी : ‘आता मागे पडणार नाही. बिल नाही.’

बाराव्या शनिवारी बाईंनी माझं प्रकरण वाचलं. खालच्या मजल्यावरचं यंत्र चालूच होतं.

“पान एकोणतीस वाचलं होतंत?”

“वाचलं होतं.”

“मग?”

मी पुस्तक उघडून शेजारचं पेन्सिलीतलं वाक्य त्यांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि पुस्तक मिटून मला परत दिलं. बावीस वर्षं वसुलीत काढलेल्या बाई. पण असं त्यांनी कोणाकडे बघितलं असेल असं वाटत नाही. कवायत मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो काढला नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न माझ्या मते मिटला होता. पण संस्थेच्या नियमांत निकाल हजेरीवर लागतो, आणि माझी हजेरी बारापैकी बारा होती. दोन महिन्यांनी जाड, पांढरं पाकीट आलं, कडेला संस्थेचा शिक्का. आत काय आहे ते मला माहीत आहे. ते मी उघडलेलं नाही. कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवलं आहे. पाटी त्याआधीच काढली. तिचे चार खिळ्यांचे व्रण मात्र दारावर आहेत. वाण्याने महिन्याचं खातं पुन्हा सुरू करायची तयारी दाखवली. मी रोखीनेच नेतो.

सदतीस हजारांचा चेक मी घड्याळजींच्या मेव्हण्याच्या पत्त्यावर पाठवला. किरकोळ धनकोंत तोही होता, म्हणून यादीत पत्ता होता. एक महिना झाला, चेक वटला नाही. चेक पोचला का, म्हणून पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं पत्र, तिसरं पत्र. रजिस्टरच्या पोचपावत्या परत आल्या, त्यांवर घड्याळजींची बारीक, नेटकी सही होती. पाकिटं मिळत होती. बँकेत मात्र पैसे तसेच पडून होते. मी सेवापुस्तकाच्या एका दिवसासाठी सतरा स्मरणपत्रं लिहिलेला माणूस. चौथं पत्र लिहायला बसलो होतो.

बायको भांडी पुसत होती. “लिहून काय होणार?” ती म्हणाली. “पिशवीत घालत असतील. लहान पुढे, मोठी मागे.”

मी पेन खाली ठेवलं.

“जाऊन यायला हवं,” थोड्या वेळाने मी म्हणालो.

“या की.”

“काय म्हणून जाऊ? पैसे द्यायला आलो म्हटलं तर दारातून परत पाठवतील.”

तिने भिंतीकडे बघितलं. घड्याळ दहा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं, आणि दहा वाजून वीसच झाली होती. चार महिन्यांत ते एका मिनिटानेही मागे पडलं नव्हतं.

मी खुर्ची ओढली, वर चढलो, काच उघडली आणि मोठ्या काट्यावर बोट ठेवलं. ज्या बोटांनी तीस वर्षं लोकांच्या मापांतला खोटेपणा शोधला, ती तिथे जरा थांबली. मग मी काटा चार मिनिटं मागे सरकवला, काच लावली आणि घड्याळ भिंतीवरून उतरवलं.

बायकोने जुनी कापडी पिशवी आणून पुढे धरली. “जपून,” ती म्हणाली, “दुरुस्तीचं सामान आहे.”